डॉ. वॉर्ड यांची काचपेटी

टेबलावर मावेल एवढी बरणी, तळाशी खडी आणि कोळसा, वर माती, शेवाळ, एखादे छोटे नेचे आणि झाकणात बसवलेला लहानसा एलईडी दिवा. असे ‘टेरारियम’ आता घरोघरी हौसेने केले जाते. त्याचा उगम मात्र लंडनच्या धुरात झाला.

नॅथॅनिएल बॅगशॉ वॉर्ड (१७९१-१८६८) लंडनच्या गोदीजवळील वेलक्लोज स्क्वेअरमध्ये डॉक्टरकी करीत. तेराव्या वर्षी ते जहाजाने जमैकाला जाऊन आले आणि वनस्पतींचे वेड घेऊन परतले. पण वडीलही डॉक्टर. मुलगा त्याच वाटेने गेला. घराजवळ दगड रचून त्यांनी नेचे लावले, तर कारखान्यांच्या कोळशाच्या धुराने ते जगेनात.

१८२९ मध्ये पतंग कसा बाहेर येतो हे पाहण्यासाठी त्यांनी एका बाटलीत ओलसर मातीत कोष ठेवला आणि झाकण लावले. काही दिवसांनी त्या मातीतून नेचे आणि गवत उगवले! बाहेर मरणारी वनस्पती आत तरारली. दिवसा मातीतील ओल वाफ होऊन काचेवर जमे आणि थेंबांनी पुन्हा मातीत उतरे. धूर मात्र बाहेरच राही. बाटली त्यांनी उत्तरेकडच्या खिडकीबाहेर ठेवली होती, म्हणजे उजेड भरपूर, थेट ऊन नाही. (आजही बरणी उन्हात ठेवली तर आतली झाडे शिजतात, दिव्याची सोय त्यासाठीच.) पाणी न घालता ती रोपे जवळपास चार वर्षे जगली. शेवटी झाकण गंजले, पावसाचे पाणी आत शिरले आणि ती कुजली.

वॉर्ड यांनी मग लाकूड आणि काचेच्या पेट्या करवून घेतल्या. त्याकाळी लांबच्या सागरी प्रवासात खारे तुषार आणि गोड्या पाण्याची टंचाई यांमुळे बहुतेक रोपे मरत. १८३३ मध्ये नेच्यांनी भरलेल्या दोन पेट्या त्यांनी सिडनीला धाडल्या. पेट्या तळघरात नव्हे, तर उजेडासाठी डेकवर ठेवल्या होत्या. काही महिन्यांनी रोपे जिवंत पोहोचली. परतीच्या प्रवासात ऑस्ट्रेलियातील रोपेही लंडनला सुखरूप आली. वॉर्ड यांनी पेटंट घेतले नाही. १८४२ मध्ये पुस्तक लिहून त्यांनी सारी कृती खुली केली. शहरातील गरिबांच्या घरात उजेड आणि हिरवळ कशी पोहोचेल, याचाही विचार त्यात आहे.

पुढे याच पेट्यांतून रॉबर्ट फॉर्च्यून यांनी चीनमधून हजारो चहाची रोपे भारतात आणली. आरोग्याच्या दृष्टीने मोठी गोष्ट सिंकोनाची. हिवतापावरचे क्विनाईन त्याच्या सालीतून मिळते. दक्षिण अमेरिकेतून आलेली रोपांची पहिली खेप जगली नाही, पण १८६१ मध्ये दुसरी उटीला पोहोचली आणि निलगिरीत सिंकोनाचे मळे उभे राहिले. अर्थात या देवाणघेवाणीत नफा साम्राज्याचा होता, आणि पेटीतल्या मातीबरोबर कीड व रोगही देशोदेशी फिरले.

१८५१ च्या लंडनमधील भव्य प्रदर्शनात वॉर्ड यांनी अठरा वर्षे पाणी न घातलेली एक बाटली मांडली होती. तिच्यातली रोपे हिरवीगार होती.