आट्यांना नियम लावणारा जोसेफ व्हिटवर्थ

डेस्कटॉप संगणक जुना झाला, मंद चालू लागला, की नवा घेण्याइतके पैसे गाठीला नसलेला माणूस त्यातला प्रोसेसर तेवढा बदलावा असा विचार करतो. विचार योग्यच आहे. परंतु प्रोसेसर ही सुटी वस्तू नव्हे. तो मदरबोर्डावरील ज्या चौकोनी बैठकीत बसतो तिला सॉकेट म्हणतात. हा सॉकेट, बोर्डावरील चिपसेट आणि बोर्डाच्या पोटातील बायॉस नावाचा मूळ प्रोग्रॅम, या तिघांनी ओळख दाखविली नाही तर कितीही भारी प्रोसेसर निरुपयोगी ठरतो. इंटेल कंपनीचा ११५१ टोकांचा सॉकेट २०१५ साली आला. २०१७ च्या अखेरीस त्याच कंपनीने आठव्या पिढीचे प्रोसेसर काढले. टोके तेवढीच, आकारही तोच. पण काही टोकांची कामे बदललेली. जुन्या बोर्डात हा प्रोसेसर नीट बसतो, आणि संगणक मात्र सुरू होत नाही. बसणे वेगळे आणि जुळणे वेगळे!

एकमेकांना कधीही न पाहिलेल्या कारागिरांनी दोन ठिकाणी केलेले दोन भाग एकमेकांना जुळावेत कसे, हा प्रश्न संगणकापेक्षा पुष्कळ जुना आहे. एका संपूर्ण देशापुरता तो सोडविण्याचे श्रेय ज्याला जाते, त्या जोसेफ व्हिटवर्थचे नाव यंत्रशाळेतल्या मुलांना ठाऊक असते. आम्हा कला शाखेच्या विद्यार्थ्यांना ते क्वचितच ऐकू येते.

व्हिटवर्थचा जन्म २१ डिसेंबर १८०३ रोजी इंग्लंडमधील स्टॉकपोर्ट येथे झाला. वडील शाळामास्तर होते. आई लवकर वारली. चौदाव्या वर्षी त्याला डर्बीशरमधील एका नातलगाच्या सूतगिरणीत धाडण्यात आले. पुढेमागे त्याने गिरणीचा कारभार पाहावा अशी घरच्यांची अपेक्षा होती. पण मुलाचे मन धाग्यापेक्षा धागा काढणाऱ्या यंत्रात अधिक रमले. चारेक वर्षांत गिरणी सोडून तो मँचेस्टरला साधा मेकॅनिक म्हणून कामाला लागला. १८२५ मध्ये विवाह झाला आणि त्यानंतर तो लंडनला गेला.

लंडनमध्ये त्याने आधी हेन्री मॉडस्ले आणि नंतर जोसेफ क्लेमंट यांच्या हाताखाली काम केले. गुरू म्हणून याहून मोठी माणसे त्या काळी मिळाली नसती. क्लेमंटकडे तेव्हा एक विलक्षण काम चालू होते. चार्ल्स बॅबेज या गणितज्ञाचे गणकयंत्र तेथे घडत होते, आणि त्या कामावर तरुण व्हिटवर्थही होता. संपूर्ण यंत्राला सुमारे २५,००० भाग लागणार होते. १८३२ साली त्यापैकी सुमारे २,००० भागांचा एक तुकडा जोडून झाला आणि तो बिनचूक चालला. पुढे बॅबेज व क्लेमंट यांचे बिनसले, सरकारचे १७,००० पौंडांहून अधिक खर्ची पडले आणि काम कायमचे थांबले. संगणकाच्या इतिहासात बॅबेजचे नाव पहिले येते, ते योग्यच आहे. पण हजारो चाके एकमेकांत अडकून सुरळीत फिरायची तर प्रत्येक चाक किती काटेकोर हवे, हा धडा तेथे कानस हातात धरणाऱ्यांनी घेतला असला पाहिजे.

१८३३ मध्ये व्हिटवर्थ मँचेस्टरला परतला, वाफेच्या शक्तीची सोय असलेली एक खोली त्याने भाड्याने घेतली आणि आपण लंडनहून आलेले हत्यारे बनविणारे आहोत अशी पाटी लावली. १८४० मध्ये त्याने विद्वानांच्या सभेपुढे अगदी सपाट पृष्ठभाग कसा करावा यावर निबंध वाचला. ही युक्ती ऐकण्यासारखी आहे. दोन पत्रे एकमेकांवर घासून जुळविले तर एक किंचित फुगीर आणि दुसरा किंचित खोलगट होऊनही ते जुळतील. म्हणून तीन पत्रे घ्यावेत, प्रत्येक पत्रा उरलेल्या दोघांशी ताडून पाहावा आणि उंचवटे बारीक खरवडून काढावेत. तिन्ही पत्रे आपसांत जुळले म्हणजे ते सपाटच असले पाहिजेत.

त्याचे खरे कार्य १८४१ मधले आहे. त्या वेळी प्रत्येक कारखान्याचे आटे निराळे असत. एका ठिकाणचा नट दुसऱ्या ठिकाणच्या बोल्टवर चढत नसे. लांब गावी यंत्राचा एक बोल्ट तुटला तर तो मूळ कारखान्यातूनच आणावा लागे, आणि तोवर यंत्र बंद. मॉडस्ले आणि क्लेमंट यांनी आपापल्या कारखान्यापुरती शिस्त आणली होती, पण ती उंबरठ्याच्या आत. व्हिटवर्थने इंग्लंडमधील अनेक कारखान्यांतून बोल्ट गोळा केले, त्यांची मापे घेतली आणि सरासरी काढली. आट्याचा कोन ५५ अंश ठरला. पाव इंची बोल्टला इंचामागे २० आटे, अर्ध्या इंचीला १२, एक इंचीला ८, असे कोष्टक त्याने सिव्हिल इंजिनिअरांच्या संस्थेपुढे मांडले.

मला यातले शहाणपण मोजमापाहून मोठे वाटते. आपलाच बोल्ट सर्वांनी घ्यावा असे तो म्हणाला असता तर मँचेस्टरच्या शेजाऱ्यानेही ते ऐकले नसते. सरासरी काढल्यामुळे कोणाचा विजय झाला नाही आणि कोणाचा पराभवही नाही. सरकारने सक्ती केली नव्हती. रेल्वे कंपन्यांना सोय दिसली, त्यांनी हे आटे उचलले आणि १८६० च्या सुमारास ते ब्रिटनभर रूढ झाले. आजच्या सॉकेटचे असे नाही. इंटेलचा सॉकेट इंटेल ठरविते आणि एएमडीचा एएमडी. कधी तो लवकर बदलतो, कधी एएमडीच्या एएम४ प्रमाणे बरीच वर्षे टिकतो. गिऱ्हाइकाला कोणी विचारीत नाही.

म्हणून गिऱ्हाइकानेच ताडून पाहिले पाहिजे. मदरबोर्डावर त्याचे नाव व आवृत्ती छापलेली असते, ती उतरून घ्यावी. बोर्ड बनविणारी कंपनी त्यावर चालणाऱ्या प्रोसेसरांची यादी देते. प्रत्येकापुढे कोणत्या आवृत्तीचा बायॉस लागतो तेही त्यात असते. बायॉस नवा करणे आवश्यक असेल तर ते जुना प्रोसेसर जागेवर असतानाच करावे. कारण बहुतेक बोर्डांवर ते काम चालू संगणकातच होते, आणि नवा प्रोसेसर जुन्या बायॉसला ओळखूच येत नाही. रॅम डीडीआर४ आहे की डीडीआर५ हेही पाहावे, कारण एकाच्या खाचेत दुसरी बसत नाही. पंखा व वीजपुरवठा पुरेसा आहे ना, ते शेवटी.

व्हिटवर्थच्या आट्यांची कसोटी क्रिमियाच्या युद्धात लागली. नौदलाला एकदम ९० तोफनौकांची इंजिने हवी होती आणि एका कारखान्याला हे शक्य नव्हते. जॉन पेन या इंजिनिअरने नमुन्याची इंजिने सुटी करून त्यांचे भाग निरनिराळ्या कारखान्यांकडे पाठविले, असे सांगतात. आटे सर्वत्र एकच असल्याने तिकडून आलेले भाग जुळले.

येथवर सारे यशाचे आहे. पण या युद्धाच्या सुमारास सरकारने त्याला बंदुकीचा अभ्यास करण्यास सांगितले. त्याने घराजवळ ५०० यार्ड लांबीची छपराची गल्ली बांधली. ती वादळात पडली, तर पुन्हा उभी केली. १८५७ च्या चाचण्यांत त्याच्या षट्कोनी छिद्राच्या बंदुकीने लष्कराच्या एन्फील्ड बंदुकीला नेमबाजीत मागे टाकले. १८६० मध्ये विंबल्डनच्या मैदानावर राणी व्हिक्टोरियाने याच बंदुकीने स्पर्धेचा पहिला बार काढला. तरीही लष्कराने ती घेतली नाही. लष्करी बंदुकीचे छिद्र ०.५७७ इंचाचे, हिचे ०.४५१ इंचाचे, बारूद नळीत लवकर साचे आणि किंमतही जबर. देशाला एक माप देणाऱ्या माणसाने चालू मापाशी न जुळणारी वस्तू केली आणि ती उत्कृष्ट असूनही बाहेर राहिली! दुर्दैवाने अमेरिकेच्या यादवी युद्धात दक्षिणेकडील नेमबाजांच्या हाती ती पडली आणि तेथे तिने आपला गुण दाखविला.

१८६८ मध्ये त्याने प्रत्येकी १०० पौंडांच्या ३० शिष्यवृत्त्या ठेवल्या. विद्यार्थ्याला पुस्तकी ज्ञान आणि हातचे काम, दोन्ही आले पाहिजे, ही त्याची अट. घरात प्रथमच कॉलेजात आलेल्या मुलाला या अटीचे मोल कळते. माझे वडील ऑईल इंजिने दुरुस्त करतात. त्यांच्या पेटीतील एका जुन्या पान्यावर पाव इंचाचा आकडा आहे, पण पान्याचा जबडा अर्ध्या इंचाहून थोडा मोठा भरतो. तो आकडा जबड्याचा नव्हे, बोल्टच्या जाडीचा; व्हिटवर्थचे पाने असेच असतात. वडील त्याला दोन सुती पाना म्हणतात. इंचाचे आठ सूत, तेव्हा पाव इंचाचे दोन. भारतात दशमान मापांचा कायदा १९५६ साली झाला, तरी गॅरेजांतून सूत अजून गेलेले नाही.

१८६९ मध्ये त्याला बॅरोनेट हा किताब मिळाला. २२ जानेवारी १८८७ रोजी मॉन्टे कार्लो येथे त्याचे निधन झाले. त्याच्या मागे राहिलेल्या संपत्तीतून मँचेस्टरचे व्हिटवर्थ कलादालन उभे राहिले.

त्याच्या हयातीतच, १८६४ मध्ये, अमेरिकेत विल्यम सेलर्सने ६० अंशांचा आटा सुचविला आणि तिकडे तोच रुजला. पाव इंचाला इंचामागे २० आटे दोघांकडेही. त्यामुळे एकाचा नट दुसऱ्यावर चढतो, पण अंगाला अंग लागत नाही. दुसऱ्या महायुद्धात दोन मित्रराष्ट्रांची यंत्रे एकमेकांच्या सुट्या भागांनी दुरुस्त होईनात, तेव्हा १९४८ मध्ये अमेरिका, ब्रिटन व कॅनडा यांनी ६० अंशांचा समान आटा मान्य केला. आज संगणकाचे कॅबिनेट उघडले तर त्यात दोन जातींचे स्क्रू निघतात. मोठ्या हार्ड डिस्कचे बहुधा इंची मापाचे असतात आणि सीडी ड्राइव्हचे तीन मिलिमीटरचे. दिसायला जवळजवळ सारखे. म्हणून खोलताना ते निरनिराळ्या वाट्यांत ठेवावेत.