डॉ. खानोलकर आणि पेशीचा परिसर

सिंधुदुर्ग जिल्ह्यात वेंगुर्ल्यानजीक वसलेल्या खानोली गावाचे नाव आडनावातून वागविणाऱ्यांपैकी कवी आणि कादंबरीकार चिं. त्र्यं. खानोलकर मराठी वाचकाच्या स्मरणात आहेत. भारतातील कर्करोग-संशोधनाचा पाया घालणारे डॉ. वसंत रामजी खानोलकर यांची आठवण मात्र वैद्यकाच्या वर्तुळाबाहेर क्वचितच निघते. ही विस्मृती परवडणारी नाही.

त्यांचा जन्म १३ एप्रिल १८९५ रोजी क्वेट्टा येथे झाला. लंडन विद्यापीठाची विकृतिशास्त्रातील एम.डी. ही पदवी त्यांनी १९२३ मध्ये संपादन केली आणि पुढे मुंबईत ग्रँट व सेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालयांत अध्यापन केले. १९४१ मध्ये परळला टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले, तेव्हा तेथील प्रयोगशाळांची सूत्रे त्यांच्या हाती आली.

कर्करोग हा पाश्चात्त्य राहणीचा रोग असून आपल्याकडे तो विरळाच, असा समज त्या काळी रूढ होता. खानोलकर सूक्ष्मदर्शकाखाली गाठ पाहून थांबले नाहीत. रुग्ण कोणत्या प्रांताचा, तो काय चघळतो, काय ओढतो, काय नेसतो, याची त्यांनी चौकशी केली. तंबाखू चघळणाऱ्यांच्या तोंडात, चुट्ट्याचे पेटते टोक आत धरून ओढणाऱ्यांच्या टाळूवर आणि वर्षानुवर्षे धोतर आवळून नेसणाऱ्यांच्या कमरेवर उद्भवणारे कर्करोग त्यांनी जगापुढे मांडले. रोगाचे मूळ नशिबात नसून पुष्कळदा परिसरात आणि सवयीत असते, हा त्या कार्याचा निष्कर्ष होय.

१९५२ मध्ये मुंबईत भारतीय कर्करोग संशोधन केंद्र उभे राहिले, ते त्यांच्याच पुढाकाराने. त्यांच्या शिष्या डॉ. कमल रणदिवे यांनी तेथे शरीराबाहेर पेशी जिवंत ठेवून वाढविण्याची प्रयोगशाळा उभारली. पेशी कशावर जगते, हे जाणून घेण्यास हे साधन अपरिहार्य होते. प्राणवायू उपलब्ध असतानाही कर्कपेशी शर्करा आंबवून तीवर गुजराण करते, हे जर्मन शास्त्रज्ञ ओट्टो वारबुर्ग यांनी १९२० च्या दशकातच दाखविले होते.

पित्तनलिकेचा कर्करोग हे याचे बोलके उदाहरण. तेथील गाठ तंतुमय, रक्तपुरवठा तुटपुंजा. अशा उपासमारीत ती पेशी शर्करा अधिक ओढून घेते, अमिनो आम्ले व स्निग्ध पदार्थ यांचाही इंधन म्हणून वापर करते आणि तग धरते. काही रुग्णांत चयापचयातील एका विकराचे जनुकच बदललेले आढळते. त्या विकृत विकराला रोखणारे आयव्होसिडेनिब हे औषध अशा रुग्णांसाठी अमेरिकेत २०२१ मध्ये मान्य झाले. ते रोगाची वाढ लांबविते. रोग समूळ नाहीसा करीत नाही. उलट, ईशान्य थायलंडमध्ये हा रोग बहुतांशी कच्च्या मासळीतून शिरणाऱ्या यकृतकृमीमुळे होतो. मासळी नीट शिजविली की तो धोका टळतो. मालवणच्या किनाऱ्यावरील घराघरांत जे रोज सहज घडते, तेच तेथे औषधाहून प्रभावी ठरते.

खानोलकरांनी कुष्ठरोगाचाही सखोल अभ्यास केला आणि १९६० ते १९६३ या काळात मुंबई विद्यापीठाचे कुलगुरुपद भूषविले. २९ ऑक्टोबर १९७८ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या मागे राहिलेला धडा साधा आहे. पेशी परिस्थितीशी जुळवून घेते. तिला शह देण्याचे मार्ग प्रयोगशाळा शोधीत राहील आणि त्यासाठी तिला पैसा व काळ द्यावाच लागेल. परंतु ती परिस्थिती बदलणे माणसाच्या हाती आहे. कोकणात आजही मिशेरीची डबी आणि तंबाखूची चंची सुटलेली नाही. आजार बळावला की दैवाला बोल लावला जातो. तोंडातला न भरणारा व्रण वेळीच दाखविण्याची शिकवण शाळेशाळेतून दिली गेली, तर आडनावाने कोकणाशी बांधलेल्या या संशोधकाचे ते खरे स्मारक ठरेल.