गे हुंग

गे हुंग (इ.स. २८३ – इ.स. ३४३) हे चीनमधील जिन राजवटीच्या काळातील वैद्य, किमयागार आणि ताओ विचारवंत होते. तुंबडी लावण्याच्या चिनी उपचाराचा इतिहास सांगताना त्यांच्या ग्रंथाचा आवर्जून उल्लेख केला जातो. वैद्य आणि महागडी औषधे ज्यांना परवडत नाहीत, अशा लोकांसाठी त्यांनी वैद्यकीय लेखन केले.

प्रारंभिक जीवन

गे हुंग यांचा जन्म आजच्या जियांग्सू प्रांतातील जुरोंग येथे एका अधिकारी घराण्यात झाला. ते १३ वर्षांचे असताना वडिलांचे निधन झाले आणि कुटुंबाला दारिद्र्य आले. युद्धांच्या धामधुमीत घरातील ग्रंथसंग्रहही नष्ट झाला. त्यामुळे ते लाकूडफाटा विकून कागद व शाई विकत घेत आणि दूरवर पायी जाऊन उसनी आणलेली पुस्तके उतरवून काढत. पुढे झेंग यिन यांच्याकडे त्यांनी किमयाशास्त्राचे शिक्षण घेतले.

कारकीर्द

इ.स. ३०३ मध्ये एका बंडाच्या बंदोबस्तासाठी उभारलेल्या सैन्यात त्यांनी अधिकारी म्हणून काम केले. त्यानंतर ते दक्षिणेकडे ग्वांगझू येथे गेले. तेथे बाओ जिंग हे त्यांचे गुरू झाले. गुरूंची कन्या बाओ गू हिच्याशी त्यांचा विवाह झाला. बाओ गू या दवण्याच्या जातकुळीतील वनस्पतीचा पाला जाळून शेक देण्याच्या उपचारासाठी प्रसिद्ध होत्या. उत्तरायुष्यात गे हुंग यांनी लुओफू पर्वतावर वास्तव्य केले व तेथेच त्यांचा मृत्यू झाला.

वैद्यकीय लेखन

‘बाओपूझी’ हा त्यांचा प्रमुख तात्त्विक ग्रंथ होय. त्यांनी औषधयोगांचा १०० खंडांचा मोठा संग्रहही तयार केला होता. परंतु एवढा ग्रंथ सामान्य माणसाला जवळ बाळगणे शक्य नव्हते. म्हणून त्यांनी तातडीच्या प्रसंगी उपयोगी पडणारे उपचार निवडून बाहीत मावेल असे संक्षिप्त पुस्तक रचले. त्यात स्वस्त व परिसरात सहज मिळणाऱ्या वनस्पतींवर भर आहे. सुया टोचण्याच्या उपचारासाठी शरीररचनेचे ज्ञान लागते. त्यामुळे सामान्य लोकांसाठी त्यांनी शेक देण्याची पद्धत अधिक सविस्तर सांगितली. या पुस्तकात देवीसदृश रोगाचे वर्णनही आढळते.

तुंबडीचा उपचार

जनावराचे पोकळ शिंग त्वचेवर बसवून ओढ निर्माण करण्याची पद्धत गे हुंग यांच्यापूर्वीही चीनमध्ये होती. इ.स.पू. १६८ मध्ये बंद झालेल्या मावांगदुई येथील थडग्यातील रेशमी हस्तलिखितांत तिचा उल्लेख आहे. गे हुंग यांनी गळवांतील पू काढण्याच्या संदर्भात तिची नोंद केली. मात्र सर्वच गळवांवर शिंग लावू नये, असा इशाराही दिला. भारतात सुश्रुतसंहितेत रक्तमोक्षणासाठी शृंग व अलाबू, म्हणजे शिंग व भोपळा, यांचा वापर सांगितला आहे. चीनमध्ये पुढे शिंगाची जागा बांबूच्या नळ्यांनी व नंतर काचेच्या पेल्यांनी घेतली. तुंबडीमुळे त्वचा वर ओढली जाऊन त्या जागी रक्तप्रवाह वाढतो. मान व पाठदुखीत तिचा काही रुग्णांना आराम पडत असल्याचे आधुनिक चाचण्यांत दिसले असले, तरी यातील अनेक चाचण्या लहान व सदोष असल्याने हा पुरावा भक्कम मानला जात नाही. चुकीच्या वापराने भाजणे, फोड येणे व जंतुसंसर्ग होणे शक्य असते.

वारसा

इ.स. ५०० च्या सुमारास ताओ हुंगजिंग यांनी या पुस्तकात भर घातली. त्यात तापावर चिंगहाओ ही वनस्पती पाण्यात भिजवून तिचा पिळून काढलेला रस घेण्याचा उपाय आहे. वनस्पती उकळण्याचा उल्लेख नसल्याचे लक्षात आल्यावर १९७१ मध्ये तू यूयू यांनी कमी तापमानाला अर्क काढला. त्यातून आर्टेमिसिनिन हे हिवतापावरील औषध मिळाले. या कार्यासाठी त्यांना २०१५ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.