मेच्निकॉफ व देहांतील शिपाई

एली मेच्निकॉफ यांचा जन्म १८४५ सालीं खार्कोव्ह प्रांतांत झाला. १८८२ सालीं मेसिना येथें त्यांनीं तारामाशाच्या पारदर्शक अळींत गुलाबाचा कांटा रोंवला. दुसऱ्या दिवशीं त्याभोंवतीं भक्षक पेशी जमलेल्या दिसल्या. विद्वानांचा विरोध सोसून १९०८ सालीं ते नोबेल पारितोषिकाचे सहमानकरी झाले. त्यांचे शिष्य हाफकिन यांनीं १८९७ सालीं मुंबईंत प्लेगची लस प्रथम स्वतःस टोंचली.

उपद्रवी जंतु भिडतांच आंतड्याचें अस्तर रासायनिक हांक देतें व रक्तांतील पांढऱ्या पेशी तें ओलांडून धांवतात, हें आज आम्ही जाणतों. त्यांची गर्दी अति झाल्यास अस्तरासच इजा होते.

आंबट दुधानें आयुष्य वाढतें ही मेच्निकॉफांची आशा सिद्ध झाली नाहीं. १९१६ सालीं ते निवर्तले. कळंबांत ताक पितांना आम्हीं त्यांची आशा नव्हे, चिकाटी आठवावी.