वॉटर पेपरवरचे काळे दाणे शोधणारा माणूस: एडवर्ड ॲचेसन

इलेक्ट्रॉनिक्सच्या लॅबमध्ये पीसीबी बनवताना पहिलं काम काय सांगतात? तांब्याची पाटी घासा. तांब्यावर हवेने चढलेला काळपट थर आणि बोटांचं तेल गेल्याशिवाय त्यावर ना शाई नीट बसते ना सोल्डर. त्यासाठी कुणी बारीक पॉलिश पेपर घेतं, कुणी सरळ स्वयंपाकघरातली घासणी. गॅरेजमध्ये गाडीला रंग मारायच्या आधी तेच, फक्त पाणी टाकत टाकत वॉटर पेपरने. मेटलर्जीच्या लॅबमध्ये तर धातूचा तुकडा मायक्रोस्कोपखाली ठेवण्याआधी आधी जाड, मग बारीक, मग त्याहून बारीक अशा पेपरांवर घासत बसावं लागतं. पेपर बदलला की तुकडा काटकोनात फिरवायचा, म्हणजे आधीचे ओरखडे पूर्ण गेले की नाही ते कळतं.

यातल्या पॉलिश पेपरवरचे काळे-करडे दाणे बहुतेक वेळा सिलिकॉन कार्बाइडचे असतात. बाजारातलं जुनं नाव कार्बोरंडम. निसर्गात हा पदार्थ जवळजवळ मिळतच नाही. तो ढिगाने तयार करण्याची रीत ज्याने शोधली, तो अमेरिकेतला एडवर्ड गुडरिच ॲचेसन. आज त्याचीच गोष्ट.

ॲचेसनचा जन्म ९ मार्च १८५६ चा, पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या वॉशिंग्टन गावातला (राजधानीचं वॉशिंग्टन वेगळं). वडील लोखंडाच्या भट्टीच्या धंद्यात, त्यामुळे धग आणि धूर लहानपणापासून ओळखीचे. घरची परिस्थिती बिघडली आणि सोळा-सतराव्या वर्षी शाळा सुटली, ती कायमची. पुढे रेल्वेच्या जमीनमोजणीसारखी मिळतील ती कामं केली आणि रात्री विजेची पुस्तकं वाचली. डिग्री नाहीच.

१८८० मध्ये तो मेन्लो पार्कला, थॉमस एडिसनच्या प्रयोगशाळेत लागला. तेव्हा तिथे बल्बचं काम जोरात होतं आणि बल्बची तार असायची कार्बनची. ॲचेसनच्या वाट्याला हेच काम आलं. कार्बन तापवला की त्याचं काय होतं, हा विषय त्याच्या डोक्यात बसला तो इथे. पुढच्याच वर्षी एडिसनने त्याला पॅरिसच्या विद्युत प्रदर्शनासाठी पाठवलं, आणि नंतर युरोपातल्या शहरांत विजेचे दिवे बसवत तो फिरला. परत आल्यावर स्वतःचं काहीतरी करायचं म्हणून त्याने एडिसनची नोकरी सोडली.

आता मुद्द्याची गोष्ट. १८९१. पेनसिल्व्हेनियातलंच मोनोंगाहेला गाव. ॲचेसनकडे वीज तयार करणारा डायनामो होता. त्या काळात ही मोठीच चैन, कारण हव्या तेवढ्या विजेतून हवी तेवढी उष्णता मिळत होती. त्याला हवा होता हिऱ्याच्या जवळपास जाईल असा कडक पदार्थ. त्या वेळी घासायला लोक एमरी नावाचा दगड वापरत. तो खाणीतून यायचा आणि प्रत्येक खेपेला दर्जा वेगळा. कारखान्यात एकसारखा माल बनवायचा तर घासणारा दाणाही एकसारखा हवा.

त्याने एक लोखंडी वाडगं घेतलं. त्यात चिकणमाती आणि कोळशाच्या कोकची पूड कालवून भरली. मध्ये कार्बनची कांडी खुपसली, एक तार वाडग्याला, दुसरी कांडीला, आणि करंट सोडला. थंड झाल्यावर बघतो तर काय, मिश्रणाचा बहुतेक भाग कामाचा नव्हता. पण कांडीच्या टोकाशी काही चमकणारे कण चिकटले होते. डोळ्याला जेमतेम दिसतील एवढे. त्यातला एक कण त्याने शिसपेन्सिलीच्या टोकावर बसवला आणि खिडकीच्या काचेवरून ओढला. काचेवर ओरखडा उठला.

तेवढ्या चिमटीभर कणांवरून हा मोठं काहीतरी हाती लागलंय हे ओळखतो, हे मला या गोष्टीतलं सगळ्यात भारी वाटतं. बहुतेकांनी वाडगं धुऊन टाकलं असतं.

आता एक गंमत. चिकणमातीत ॲल्युमिनियम असतं. ॲचेसनला वाटलं की आपण कार्बन आणि कोरंडम यांचं काहीतरी मिश्रण बनवलंय, म्हणून नाव ठेवलं कार्बोरंडम. नंतर रासायनिक तपासणी झाली तेव्हा कळलं की यात कोरंडम औषधालाही नाही. मातीतली वाळू आणि कार्बन यांची गाठ पडून सिलिकॉन कार्बाइड तयार झालं होतं. नाव चुकीचं, पण तेच टिकलं. शिवाय कोरंडम हा शब्द मूळचा आपल्याकडचाच: संस्कृत कुरुविंद, तमिळ कुरुंदम, मराठीत कुरुंद. म्हणजे अमेरिकेतल्या वाडग्यात जन्मलेल्या पदार्थाच्या नावात भारतीय दगड बसलाय, आणि पदार्थात मात्र तो नाही.

कडकपणाच्या मोस पट्टीवर हिरा १०, कोरंडम ९ आणि कार्बोरंडम साधारण साडेनऊ. तुमच्या फोनच्या काचेवर ६ च्या आसपास ओरखडे पडायला लागतात आणि साध्या वाळूतलं क्वार्ट्झ ७ वर असतं. म्हणून समुद्रावरून आल्यावर फोन पँटीला पुसू नका, आधी फुंकर मारा. आणि स्क्रीनवर घासणी तर अजिबात नको.

सुरुवातीला माल इतका थोडा निघायचा की तो रत्नं घासणाऱ्या कारागिरांना कॅरटच्या वजनाने विकला गेला. मग दातांच्या डॉक्टरांसाठी छोटी चाकं आली. १८९३ मध्ये पेटंट मिळालं. त्याच वर्षी शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात रोषणाईचं कंत्राट वेस्टिंगहाऊसकडे होतं. एडिसनचं पेटंट आड येत असल्यामुळे त्यांना बुचाच्या बल्बवर काम भागवावं लागलं. काचेचं बूच बल्बच्या तोंडात घट्ट बसायचं तर ते अचूक घासायला हवं, आणि त्यासाठी कार्बोरंडमच्या चाकांची मोठी ऑर्डर आली. एडिसनकडे कार्बन शिकलेला माणूस एडिसनच्या स्पर्धकाच्या कामी आला!

इथपर्यंत सगळं छान. अडचण विजेची होती. एकेका भट्टीला दीड-दोन दिवस सलग वीज लागायची आणि मोनोंगाहेलात ती महाग. न्यूयॉर्क राज्यात नायगारा धबधब्यावर जलविद्युत केंद्र उभं राहत होतं. ॲचेसन तिथे गेला आणि एक हजार हॉर्सपॉवरचा करार करून आला. हे कधी? तर छोट्या कारखान्यातला निम्माच माल खपत होता तेव्हा. संचालकांना हा वेडेपणा वाटला आणि त्यांनी राजीनामे दिले. याने नवे लोक जमवले, पैसा उभा केला आणि १८९५ मध्ये नायगाराला कारखाना सुरू केला.

हिशेब बरोबर निघाला. वीज स्वस्त झाली, दाणा स्वस्त झाला, आणि कॅरटने विकला जाणारा माल टनांनी विकला जाऊ लागला. कडक पोलादाचे भाग एकसारख्या मापात घासून काढणं कारखान्यांना परवडू लागलं, आणि मोटारींच्या कारखान्यांना नेमकं हेच हवं होतं.

पण ॲचेसनचा स्वतःचा हिशेब काही जुळला नाही. विजेच्या भट्टीवर आपला हक्क आधीचा आहे, असं सांगत काउल्स बंधूंची कंपनी कोर्टात गेली होती. १९०० मध्ये कोर्टाने त्यांची बाजू धरली आणि तडजोड करावी लागली. विस्तारासाठी मेलन कुटुंबाच्या बँकेचा पैसा घेतला होता, तेव्हा कंपनीचा ताबाही हळूहळू तिकडे गेला. जी कंपनी याने शून्यातून उभी केली, तिच्या अध्यक्षपदावरून १९०१ पर्यंत हाच बाहेर. स्टार्टअपच्या गोष्टी वाचणाऱ्यांना हे ओळखीचं वाटेल. मला विचाराल तर नायगाराचा जुगार चुकला नव्हता. तो कुणाच्या पैशावर खेळतोय, इकडे त्याचं लक्ष कमी पडलं.

भट्टी मात्र आजही त्याच्याच नावाने ओळखली जाते. रचना साधी: लांब चौकोनी खड्डा, मध्ये ग्राफाइटचा गाभा, भोवती वाळू आणि कोक. पूर्वी लाकडाचा भुसाही घालत, म्हणजे आतला वायू बाहेर पडायला पोकळ जागा राहते. गाभ्यातून वीज सोडली की आतलं तापमान दोन हजार अंशांच्या वर जातं आणि गाभ्याभोवती स्फटिकांचा जाड वेढा तयार होतो. तो फोडायचा, दळायचा, चाळायचा. चाळणीच्या नंबरावरूनच पेपरचा नंबर ठरतो: ८० जाड, ४०० मध्यम, १२०० म्हणजे जवळजवळ मऊ. पुण्याच्या आयुकात हौशी मंडळी दुर्बिणीचा आरसा घासायला शिकली, तेव्हा दोन काचांमध्ये पाण्यासोबत हीच पूड होती.

घासणीचा हिशेब थोडा वेगळा. नायलॉनच्या गुंतलेल्या धाग्यांवर रेझिनने दाणे चिकटवलेली घासणी १९५० च्या दशकात आली. घरच्या हिरव्या घासणीत बहुधा ॲल्युमिनियम ऑक्साइड असतं, म्हणजे कोरंडमच. वर्कशॉपमधल्या काही करड्या पॅडमध्ये सिलिकॉन कार्बाइड. एक लक्षात ठेवा, लॅबची काचभांडी कुठल्याच घासणीने घासायची नाहीत. न दिसणारा ओरखडासुद्धा पुरतो, गरम करताना भांडं तिथूनच तडकतं.

ॲचेसनचा दुसरा शोधही भट्टीतलाच. कार्बोरंडम प्रमाणाबाहेर तापवलं तर सिलिकॉनची वाफ होऊन उडून जाते आणि मागे राहतं शुद्ध ग्राफाइट. १८९६ मध्ये त्याने याचं पेटंट घेतलं, १८९९ मध्ये ग्राफाइटची वेगळी कंपनी काढली. पुढे ते ग्राफाइट पाण्यात आणि तेलात मिसळून वंगणं बनवली. ६ जुलै १९३१ रोजी न्यूयॉर्कमध्ये तो वारला तेव्हा नावावर सत्तरच्या आसपास पेटंटं होती.

आणि हो, तुमच्या फोनच्या लिथियम बॅटरीत ऋण बाजूला ग्राफाइट असतं. त्यातलं पुष्कळसं कारखान्यात बनवलेलं, कार्बन तीन हजार अंशांच्या आसपास तापवून. त्या भट्ट्यांतल्या बऱ्याच अजूनही ॲचेसन भट्ट्याच आहेत.