विश्लेषण : नगर जिल्ह्याच्या नामदेव जाधव यांना इटलीत व्हिक्टोरिया क्रॉस कशासाठी मिळाला?

नेवासा : नेवासेकरांना नदी म्हटली की प्रवरा आठवते आणि कालवा म्हटला की मुळा उजवा. इटलीतील सेनिओ ही नदी नावाला नदी, रुंदीला मात्र कालव्यासारखी. जेमतेम १५ फूट पात्र आणि चार-पाच फूट पाणी. एप्रिल १९४५ मध्ये ती ओलांडताना दुसऱ्या महायुद्धातील एक मोठी लढाई झाली. तिच्यात नगर जिल्ह्यातील निमज गावचा २३ वर्षांचा एक शिपाई ब्रिटिश साम्राज्यातील सर्वोच्च शौर्यपदकाचा, म्हणजे व्हिक्टोरिया क्रॉसचा मानकरी ठरला. त्यांचे नाव नामदेव जाधव.

निमजचा शिपाई इटलीत कसा?

जाधव यांचा जन्म १८ नोव्हेंबर १९२१ चा. पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पहिल्या बटालियनमध्ये ते शिपाई होते. ही पलटण आठव्या भारतीय डिव्हिजनचा भाग होती. १९४३ च्या सप्टेंबरमध्ये ही डिव्हिजन इटलीच्या दक्षिण टोकाला उतरली आणि सांग्रो नदी, मग कॅसिनोजवळची गारी नदी असे एकेक पात्र ओलांडत वर सरकत गेली. इटलीतील युद्ध हे मुख्यतः नद्यांचे युद्ध होते. डोंगरातून समुद्राकडे जाणाऱ्या प्रत्येक नदीमागे जर्मन फौज दबा धरून बसे. एक नदी जिंकली की पुढची हजर.

या मोहिमेत पन्नास हजारांहून अधिक भारतीय सैनिक लढले, त्यांपैकी पाच हजार सातशेहून अधिक परतले नाहीत.

एवढीशी नदी अवघड का ठरली?

अडचण पाण्याची नव्हती, बांधांची होती. सेनिओ सपाट शेतांमधून वाहते. पूर येऊ नये म्हणून दोन्ही काठांवर ३० ते ३५ फूट उंचीचे, म्हणजे तीन मजली घराएवढे उभे मातीचे बांध घातलेले. १९४५ च्या हिवाळ्यात दोन्ही सैन्ये या नदीपाशी समोरासमोर अडकून पडली होती. तेवढ्या महिन्यांत जर्मनांनी दोन्ही बांध उंदरांनी पोखरावेत तसे पोखरून आत खंदक आणि मशिनगनची ठाणी तयार केली. पूर्वेच्या बांधाच्या नदीकडील उतारावर भूसुरुंगही पेरले.

यात एक मेख होती. हल्ला पूर्वेकडून होणार होता आणि काही जर्मन ठाणी त्याच पूर्वेच्या बांधात, पण नदीच्या बाजूला तोंड करून होती. त्यामुळे बांध चढून पाण्यात उतरलेल्या सैनिकांवर समोरून नव्हे, तर पाठीमागून गोळ्या येणार होत्या.

९ एप्रिलच्या संध्याकाळी काय घडले?

दुपारी विमानांनी बॉम्बचा वर्षाव केला, मग तोफा धडाडल्या, ज्वालाफेकी यंत्रांनी बांध भाजून काढले. तरीही काही ठाणी शाबूत राहिली. मराठा पलटणीच्या एका कंपनीने पूर्वेच्या बांधावर हल्ला चढवला. तीन मिनिटांनी दुसरी कंपनी पुढे जाऊन पश्चिमेचा बांध घेणार होती. जाधव या दुसऱ्या कंपनीचे रनर होते. रनर म्हणजे निरोप्या. धुमश्चक्रीत तोंडी हुकूम इकडून तिकडे पोहोचवण्यासाठी तो कंपनी कमांडरच्या सावलीसारखा सोबत असतो. ठाण्यांवर चालून जाणे हे त्याचे नेमून दिलेले काम नव्हे.

पाणी पार करून ही तुकडी पश्चिम काठावर निघाली आणि मागच्या बांधातील किमान तीन ठाण्यांनी तिच्यावर गोळीबार सुरू केला. कंपनी कमांडर आणि दोन जवान जखमी झाले. बाकीचे मारले गेले. धडधाकट उरले ते एकटे जाधव.

त्यांनी एका जखमीला उचलले, पाण्यातून पूर्वेकडे आणले, सुरुंगांनी भरलेला उभा उतार चढून बांधाच्या मागच्या सुरक्षित बाजूला पोहोचवले. मग परत जाऊन दुसऱ्या जखमीलाही तसेच आणले. दोन्ही खेपांना मशिनगन आणि उखळी तोफांचा मारा चालू होता. इथे ते थांबले असते, तरी त्यांना कोणी बोल लावला नसता.

पण ते तिसऱ्यांदा बांधावर गेले. सर्वांत जवळच्या ठाण्यावर धाव घेऊन ते टॉमीगनने गप्प केले. यात हाताला गोळी लागली, बंदूक चालवता येईना. ती टाकून त्यांनी हातबॉम्ब घेतले आणि आणखी दोन ठाणी उडवली. मधेच बॉम्ब संपले, तेव्हा बांधाच्या माथ्यापर्यंत सरपटत जाऊन पलीकडच्या साथीदारांकडून नवे घेतले. पूर्वेच्या बांधावरचा मशिनगनचा मारा बंद पडल्यावर उखळी तोफांच्या माऱ्यात ते माथ्यावर उघड्यावर उभे राहिले, मराठा पलटणीची युद्धघोषणा देत त्यांनी अडकून पडलेल्या जवानांना हात करून नदीपार बोलावले. दोन बटालियनना काठावर पाय रोवता आले, ते यामुळे. दुसऱ्या दिवशी जवळचे लुगो शहर डिव्हिजनच्या ताब्यात आले.

युद्धाचा शेवट किती जवळ होता?

इटलीतील जर्मन फौजांची शरणागती २ मे रोजी अमलात आली, म्हणजे या संध्याकाळनंतर अवघ्या तेवीस दिवसांनी. पाण्यात पडलेल्या जवानांना हे कळण्याचा मार्ग नव्हता. ज्या देशाचे राज्य त्यांच्या गावावर होते, त्याच्याच झेंड्याखाली ते लढत होते. या गोष्टीचा हिशेब त्यांच्या पिढीतील सैनिकांना पुढे स्वतःपुरता करावा लागला.

त्याच संध्याकाळी, त्याच नदीवर, त्याच डिव्हिजनमधील अली हैदर या फ्रंटियर फोर्स रायफल्सच्या शिपायालाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. इटलीत हे पदक मिळवणारे भारतीय फौजेतील सैनिक एकूण सहा. त्यांत मराठा पलटणीचे दोन: जाधव आणि १९४४ च्या जुलैमध्ये धारातीर्थी पडलेले रायगड जिल्ह्याचे नाईक यशवंत घाडगे. १९४७ मध्ये फाळणी झाली, तेव्हा अली हैदर यांची रेजिमेंट पाकिस्तानकडे गेली. मराठा लाइट इन्फन्ट्री भारतात राहिली.

जाधव पुढे हवालदार झाले. २ ऑगस्ट १९८४ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.