बाराव्या वर्षी अक्षरे गिरवणारा राजा

नाशिक जिल्ह्यात मालेगावजवळच्या कवळाणे या खेड्यात १८६३ मध्ये गायकवाड घराण्याच्या एका शेतकरी शाखेत गोपाळरावांचा जन्म झाला. १८७५ मध्ये बडोद्याचे मल्हारराव पदच्युत झाले आणि दिवंगत खंडेरावांच्या पत्नी महाराणी जमनाबाई यांनी गोपाळरावांना दत्तक घेतले. त्या वेळी या बारा वर्षांच्या मुलाला लिहिता-वाचता येत नव्हते. सयाजीराव हे नाव धारण करून गादीवर बसल्यानंतर त्यांचे शिक्षण सुरू झाले. इलियट या इंग्रज शिक्षकाच्या देखरेखीखाली ते मराठी, गुजराती, उर्दू आणि इंग्रजी शिकले. १८८१ च्या अखेरीस राज्यकारभाराची पूर्ण सूत्रे त्यांच्या हाती आली.

१८९३ मध्ये त्यांनी अमरेली भागात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो कायदा सर्व राज्याला लागू केला. मुलांना शाळेत न धाडणाऱ्या पालकांना दंड होत असे. ब्रिटिश हिंदुस्थानासाठी १९११ मध्ये असेच विधेयक मांडताना गोपाळ कृष्ण गोखले यांच्यासमोर बडोद्याचे उदाहरण होते. ते विधेयक फेटाळले गेले. बडोद्यात मात्र शाळा चालूच राहिल्या.

तथापि सक्तीला मर्यादा होती. शाळा सोडून शेतात राबू लागलेल्या मुलाच्या हाती पुढे पुस्तकच पडले नाही, तर शिकलेली अक्षरे काही वर्षांत पुसली जात. प्रौढांना तर हा कायदा लागूच नव्हता. या उणिवेवर सयाजीरावांनी ग्रंथालयांचा उपाय योजला. १९१० मध्ये त्यांनी अमेरिकेतील न्यू हेवन येथील ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांना बडोद्यास बोलावले. राजवाड्यातील स्वतःचा ग्रंथसंग्रह देऊन मध्यवर्ती ग्रंथालय उभारले आणि ते सर्वांना विनामूल्य खुले केले. पुस्तकांनी भरलेल्या लाकडी पेट्या गावोगाव फिरू लागल्या. गावकऱ्यांनी वर्गणी जमवली, की सरकार आणि स्थानिक मंडळ तेवढीच भर घालीत, त्यामुळे वाचनालय गावाचे स्वतःचे होई. ज्यांना वाचता येत नव्हते, त्यांच्यासाठी ग्रंथालय खात्याचीच एक शाखा चित्रपट आणि जादूच्या कंदिलाचे खेळ दाखवीत असे.

वाचकांबरोबर वाचनसामग्रीही निर्माण व्हावी लागते. मराठी आणि गुजराती ग्रंथनिर्मितीसाठी महाराजांनी १९१२ मध्ये दोन लाख रुपयांचा निधी बाजूला काढला. त्याच्या व्याजातून सयाजी साहित्यमालेची पुस्तके निघाली. संस्कृत हस्तलिखितांच्या संग्रहालाही राज्याचा आश्रय होता. राजशेखराच्या काव्यमीमांसेपासून गायकवाड प्राच्य ग्रंथमालेचा आरंभ १९१६ मध्ये झाला. १९२७ मध्ये प्राच्यविद्या मंदिर स्थापन झाले. एकीकडे खेड्यातली पेटी आणि दुसरीकडे दुर्मीळ पोथीचे संशोधन, दोहोंचा खर्च एकाच खजिन्यातून होत असे. १९१३ मध्ये भीमराव आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले, तेही बडोद्याच्याच शिष्यवृत्तीवर. दरमहा साडेअकरा पौंडांची ती शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी होती.

या राज्यकर्त्याच्या सत्तेवर लोकांचा अंकुश नव्हता, हे विसरता येत नाही. दंडाचा भार गरीब कुटुंबांवर अधिक पडे. अस्पृश्यांच्या शाळांसाठी उच्चवर्णीय शिक्षक मिळत नसत. आदेश काढून समाजाचे मन बदलत नाही, याचा अनुभव त्यांनाही आला.

६ फेब्रुवारी १९३९ रोजी मुंबईत सयाजीरावांचे निधन झाले. ३० मे २०२५ रोजी गोवा पूर्ण साक्षर राज्य म्हणून घोषित झाला. साठीपुढच्या ज्या आजीने आयुष्यात प्रथमच स्वतःची सही केली, तिच्या हाती त्यानंतर कोणते पुस्तक येणार, याचे उत्तर घोषणेत नसते. गावच्या वाचनालयाला मिळणाऱ्या अनुदानात ते असते. बडोद्याच्या या राजाने ते शंभर वर्षांपूर्वीच ओळखले होते.